'बरोक ऑपेरा'ला संगीत नाटक म्हणावं का?

इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्नच्या उन्हाळी महोत्सवात हँडेल या संगीतकाराचा 'जूलिओ चेझारे' (म्हणजे ज्यूलियस सीझर) हा ऑपेरा पाहून आलेल्या एका वाचकाला त्यावर मराठीत लिहायचं आहे. 'बरोक ऑपेरा' लोकांना जड जाईल, तर 'जुन्या धाटणीचं संगीत नाटक' लिहिलं तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न.

माझं मत : लिहू नये. आपल्या संगीत नाटकात पात्रं गद्यात बोलतात आणि मोक्याच्या जागी पद सुरू होतं. किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून ही घडण आपल्या ओळखीची आहे. हँडेलच्या या १७२४ च्या ऑपेरात संवादसुद्धा गातात. त्या गायलेल्या बोलण्याला रेचितातिव्हो म्हणतात. साथीला हार्प्सिकॉर्ड या जुन्या, पियानोसारख्या पट्ट्यांच्या वाद्याचे आणि चेलोचे मोजके स्वर, आणि लय बोलण्याच्या ओघाने जाणारी. कथानक सरकतं ते इथेच. मग 'आरिया', म्हणजे पात्राचं एकट्याचं गाणं, आली की कथा थांबते आणि पात्राच्या मनात काय चाललंय तेवढंच उरतं.

सीझरची 'वा ताचितो' ही आरिया घ्या. इजिप्तचा कपटी राजा टॉलेमी याच्यासमोर तो गातो की चतुर शिकारी गुपचूप, दबकत जातो. सोबत एकटा हॉर्न, शिकारीचंच वाद्य. गळा आणि हॉर्न एकमेकांच्या जागा उचलत जातात. मधला भाग झाला की पहिला भाग पुन्हा येतो, आणि या फेरीत गायकाने स्वतःच्या हरकती घालायच्या असतात. आपल्या रसिकाला हे आवर्जून सांगावं. तो तिथे कान टवकारेल.

सबंध गायल्या जाणाऱ्या नाट्याला मराठीत 'संगीतिका' हा शब्द आहे, आकाशवाणीने तो घरोघरी नेला. पण त्यावरून छोटेखानी रचना डोळ्यांपुढे येते, आणि हा तर तीन अंकांचा, तीन तासांहून मोठा खेळ. तेव्हा ओळख करून देताना एकदा 'संगीतिका' म्हणा, पुढे 'ऑपेरा'च ठेवा.

'बरोक'ही तसाच ठेवा. 'जुन्या धाटणीचं' म्हटलं तर मोझार्टही त्यात येतो, आणि तो बरोक नव्हे. बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० चा काळ. शब्दाचं मूळ पोर्तुगीज 'बारोकु', म्हणजे वेडावाकडा मोती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गोल नसलेल्या, बेढब मोत्यांसाठी तो आला आहे. संगीतात तो आधी हिणवण्यासाठी वापरला गेला : फ्रेंच संगीतकार रामोच्या ऑपेराबद्दल, १७३४ साली, पॅरिसमध्ये.

आणखी एक. फ्रान्समधल्या बोनसारख्या महोत्सवात हेच ऑपेरे नेपथ्याविना, मैफलीच्या थाटात गातात. त्यांना नुसतं 'कॉन्सर्ट' म्हणू नये. कथा, पात्रं, संवाद सगळं शाबूत असतं. 'ऑपेराचं मैफली सादरीकरण' म्हणा.