सहकुटुंब सुट्टीत ट्राउटसाठी वेळ काढताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. घरच्या मंडळींबरोबर आठवडाभर डोंगराळ भागात जायचे ठरले आहे, मुक्कामाजवळून ट्राउटची नदी वाहते आणि कुणाचे मन न दुखवता फ्लाय फिशिंगला, म्हणजे काट्यावर बांधलेली नकली माशी टाकून मासे धरायला, थोडा वेळ मिळेल का, असे तू विचारले आहेस. मिळेल, आणि तो चोरून काढावा लागणार नाही. मात्र कोणत्या दिवशी जाणार, किती वाजता निघणार आणि किती वाजता परत येणार, हे निघण्याआधीच घरी स्पष्ट सांगून टाक. ‘जमलं तर नदीवर जरा जाऊन येईन’ असे मोघम बोलून ठेवले की सर्वांचाच दिवस लटकून राहतो. शिवाय दिसेल त्या पुलावरून तुझी नजर पाण्याकडे धावत राहते आणि सोबतच्या माणसांच्या वाट्याला तू कधीच पूर्ण येत नाहीस. आठवड्यात दोन वेळा, प्रत्येकी अडीच-तीन तास एवढेच माग. नवख्या नदीवर तेवढ्यात पुष्कळ होते.

ते तास दिवसाच्या कोणत्या भागात असावेत, हे तुझ्या सोयीपेक्षा पाण्याच्या तापमानावर ठरते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो मनापासून खातो. पाणी तापू लागले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो (10 अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम मावतो, तर 20 अंशांना जेमतेम 9) आणि नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात रात्रभर निवलेले पाणी पहाटे सर्वांत थंड असते, तेव्हाच जावे. तुझे भाग्य असे की त्या वेळी घरची मंडळी झोपलेली असतात आणि कुणाचाच वेळ मोडत नाही. पण सुट्टी वसंताच्या सुरुवातीला किंवा शरदाच्या अखेरीस असेल, तर पहाटेच्या चार-पाच अंशांच्या पाण्यात मासा तळाशी निपचित पडून असतो आणि अंधारात उठून गेलेला माणूस फक्त गारठून परततो. अशा दिवसांत अकरा ते तीन हीच खरी वेळ, कारण पाण्यातले किडे वर येऊन पंख फुटून उडतात ते तेव्हाच. मग दुपार मागावी लागेल, आणि ती मागताना सकाळ पूर्णपणे घरच्यांच्या स्वाधीन करावी. बर्फाच्या पाण्यावर वाढणाऱ्या नद्यांचे गणित आणखी निराळे: उन्हाच्या दिवशी दुपारनंतर त्या फुगतात आणि गढूळ होतात, तेव्हा तिथे पुन्हा सकाळच बरी. खिशात छोटा थर्मामीटर ठेव. पारा 20 अंशांपर्यंत पोचलेला दिसला तर रॉड (गळाची काठी) जोडूच नकोस. अशा पाण्यात दमवून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसला, तरी नंतर मरू शकतो. या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही.

नदीचा फार मोठा भाग पाहण्याचा मोह टाळ. मुक्कामापासून चालत पोचता येईल असा शंभरेक मीटरचा पट्टा निवड आणि आदल्या संध्याकाळी सगळ्यांना घेऊन तिथेच फिरायला जा. मोठे दगड कुठे आहेत, पाठीमागे झाडी कुठे आहे, उतरायला वाट कुठून आहे, हे गप्पा मारता मारताही पाहून होते. ट्राउट धारेकडे तोंड करून उभा राहतो आणि शक्ती वाचवतो. म्हणून वेगवान व संथ पाण्याच्या शिवेवर, मोठ्या दगडाच्या पुढे-मागे, आत कोरल्या गेलेल्या काठाखाली आणि खळखळाट जिथे डोहात उतरतो त्या तोंडाशी त्याला शोधावे. फेसाची रेघ वाहत जाते त्याच मार्गाने किडेही वाहत येतात. त्या रेघेवर वर्तुळ उमटलेले दिसले, तर माशी वर्तुळावर टाकू नकोस: वर्तुळ प्रवाहाबरोबर खाली सरकलेले असते आणि मासा किडा टिपून वरच्या अंगाला आपल्या मूळ जागी गेलेला असतो. चांगले हातभर, जमल्यास त्याहूनही वर टाक.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटे काठावर नुसता उभा राहा. वेळ थोडा आहे म्हणून तडक गुडघाभर पाण्यात शिरणारे लोक नेमक्या त्याच जागचे मासे उधळून लावतात, कारण सकाळच्या शांततेत मासे काठालगतच असतात. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या शंकूतून दिसते आणि त्या शंकूच्या कडेला असलेले बुटके आकार त्याच्या नजरेत सहसा भरत नाहीत. म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून जा आणि पहिली फेक कोरड्या जमिनीवरूनच कर. सहा ते आठ मीटरची फेक पुरते. लांब फेकीत लाइन (माशी फेकायची जाड दोरी) अनेक धारांवर पडते, त्या धारा तिला ओढतात आणि तिच्यामागे माशीही पाण्याहून वेगाने धावू लागते. तशी माशी शहाणा ट्राउट घेत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. नऊ फुटी, पाच नंबरची (म्हणजे मध्यम वजनाच्या लाइनची), चार तुकड्यांची रॉड घे. तिचा प्रत्येक तुकडा सुमारे 70 सेंटिमीटरचा असतो आणि कपड्यांच्या बॅगेत बसतो. लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांना जोडणारा निमुळता पारदर्शक दोरा, नऊ फुटी आणि 5 एक्स जाडीचा पुरे. माश्यांची एकच डबी ने: पाण्यावर तरंगणाऱ्या पॅराशूट अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस 14 व 16 नंबरच्या, पाण्याखाली बुडणाऱ्या, किड्याच्या अळीसारख्या फेझंट टेल आणि हेअर्स इअर निंफ 14 ते 18, आणि पाण्याखाली ओढायच्या मोठ्या दोन वूली बगर. कॅडिसच्या काट्याला हातभर टिपेट (बारीक दोरा) बांधून खाली निंफ सोडली की वरच्या आणि खालच्या दोन्ही पाण्यांची चौकशी एकाच फेकीत होते. या गाठी रात्रीच मारून ठेव. परवाना प्रवासापूर्वी काढ आणि त्या नदीचे नियम वाच. बंदीचा हंगाम, बिनदातेरी काटे, मासा ठेवण्याची मुभा या गोष्टी एकाच नदीच्या दोन भागांतही वेगळ्या असू शकतात. कोणत्या पट्ट्यात जाणार ते घरी लिहून ठेव, आणि एकटे असताना गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नकोस. मासा हाताळताना हात ओले असावेत आणि त्याला शक्यतो पाण्यातच ठेवून सोडावे.

आता सर्वांत कठीण भाग. ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी लाइन गुंडाळ. नेमके तेव्हाच मासे वर येऊ लागतील आणि शेवटची एक फेक मनात येईल. ती टाकू नकोस. सांगितलेल्या वेळी तू दारात दिसलास, तर दुसऱ्या खेपेला घरचे स्वतःहून विचारतील की उद्या जाणार ना. उशीर झाला, तर रागावले नाहीत तरी ती दुसरी खेप मागायला तुझी जीभ रेटणार नाही.

घरातल्या लहान मुलाने बरोबर येण्याचा हट्ट धरला, तर अवश्य ने, पण ती आपली खेप समजू नकोस. रॉड एकच ने आणि तीही थोडाच वेळ काढ. उथळ पाण्यातला एखादा दगड उलटून त्याला चिकटलेली, वाळूच्या कणांची बारीक नळी मुलाला दाखव; तिच्यात कॅडिस या किड्याची अळी असते आणि थोडा धीर धरला तर ती डोके बाहेर काढते. दगड मग पुन्हा होता तसाच ठेव.

निघण्यापूर्वी बूट आणि जाळे घासून पूर्ण वाळव, कारण ओलसर बुटांतून एका नदीतले सूक्ष्म जीव आणि शेवाळ दुसऱ्या नदीत जातात. नमद्याच्या तळाचे बूट उशिरा वाळतात आणि काही ठिकाणी त्यांना बंदी आहे. रबरी तळाचेच घे. मुक्कामाची उंची, महिना आणि नदी बर्फाची आहे की झऱ्यांची, एवढे मला कळव. त्यावरून वेळ कोणती मागावी ते नक्की करू, म्हणजे तुला घरी आधीच बोलता येईल.

तुझा हितचिंतक