स्टँडअप होतो, स्प्रिंट होतो, तरी आमची टीम अजाइल का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी स्टँडअप (उभ्याउभ्या होणारी छोटी बैठक), दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरावीक टप्पा), शेवटी रेट्रो (काय जमलं, काय चुकलं ते बोलायची बैठक), सगळं नेमाने चालतं. तरी काम रेंगाळतं आणि रिलीजच्या आदल्या रात्रीचं जागरण काही चुकत नाही. मग अजाइलची, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीची, मूल्यं रोजच्या कामात आणायची म्हणजे नक्की करायचं काय?

मी पुण्यात १४ वर्षं सॉफ्टवेअरचंच काम करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं तुमच्यासारख्याच टीममध्ये काढली.

आधी अजाइलचा मूळ जाहीरनामा एकदा वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डच्या स्की रिसॉर्टवर १७ जण जमले होते. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम वगैरे मंडळी. त्यांनी लिहिलेल्या चार ओळींत स्टँडअप नाही, स्प्रिंट नाही, स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) तर नाहीतच. चारही ओळी तुलनेच्या आहेत: प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघाशीपेक्षा ग्राहकाची साथ, ठरलेल्या प्लॅनला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. ज्याच्या‘पेक्षा’ म्हटलंय त्यालाही किंमत आहे, हेही त्यांनी खाली लिहून ठेवलंय. म्हणजे दोन्ही बाजू सुखाने नांदत असतील तेव्हा या ओळींचं काही काम नाही. ओढाताण सुरू झाली की पारडं कुठे झुकवायचं, एवढंच त्या सांगतात. म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा आणि गेल्या महिन्यातले ओढाताणीचे प्रसंग आठवा. त्या वेळी कोण जिंकलं?

आमचा एक प्रसंग सांगतो. भिवंडीतल्या एका गोदामासाठी मालाची आवक नोंदवायचं ॲप करत होतो. ३८ पानी स्पेक (काय बनवायचं याचा तपशील), त्यावर ग्राहकाच्या आयटी प्रमुखांची सही. एका खोक्यामागे ११ रकान्यांचा फॉर्म. तीन स्प्रिंट झाले, प्रत्येक डेमोला तेच आयटी प्रमुख व्हिडिओ कॉलवर ‘लुक्स गुड’ म्हणायचे. आमच्या क्यूएतल्या (सॉफ्टवेअर तपासणाऱ्या) मुलीने हट्ट धरला की एकदा जाऊन बघू या. गेलो. तिथला माणूस खोक्यावरच मार्करने आकडे लिहीत होता आणि शिफ्ट संपल्यावर ऑफिसातला एक पोरगा ते सगळं एकदम ॲपमध्ये टाकत होता. धुळीच्या बोटांनी स्क्रीन धड चालत नव्हती, माल उतरवायच्या जागेवर नेटवर्कची रेंज नव्हती, आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मार्करवाला म्हणाला, “साहेब, हे भरत बसलो तर गाडी कधी सोडू?”

आमचं सॉफ्टवेअर स्पेकप्रमाणे चोख चालत होतं, फक्त ज्याच्यासाठी केलं तो वापरत नव्हता. ११ पैकी सात गोष्टी तर खरेदीच्या ऑर्डरमधूनच मिळत होत्या! नऊ दिवसांत नवा स्क्रीन केला: एक मोठं स्कॅनचं बटण, खाली नग किती, बस. रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच राहते, रेंज आली की वर जाते. तेव्हापासून डेमो त्या शिफ्टमधल्या माणसापुढे होतो, त्याच्याच फोनवर. आयटी प्रमुखही असतात, ऐकायला.

पण काम ठरावीक रकमेचं होतं, आणि आपल्याकडे बहुतेक कामं तशीच असतात. तिथे ‘बदलाला प्रतिसाद’ म्हटलं की लगेच चेंज रिक्वेस्टचा फॉर्म पुढे येतो आणि दोन आठवडे मेलामेलीत जातात. आम्ही त्यांना अदलाबदल सुचवली: ज्याला अजून हातच लागलेला नाही असं तेवढ्याच आकाराचं काम काढा, त्या जागी हे घ्या. पाच रिपोर्टपैकी दोन गेले. पैसे तेच, तारीख तीच, एक छोटी मेल. दर वेळी जमतं असं म्हणणार नाही. जिथे प्रत्येक गोष्ट खरेदी विभागामार्फत जाते तिथे आमचाही कपाळमोक्ष झालाय.

आता स्टँडअप. आमचा इंग्रजीत व्हायचा, कारण मॅनेजर हैदराबादहून कॉलवर असायचे. सगळे ‘नो ब्लॉकर्स’ म्हणून मोकळे. अर्ध्या तासाने टपरीवर चहा हातात आला की खरं बाहेर यायचं: “अरे, त्या पेमेंटच्या एपीआयने काल दुपारपासून डोकं खाल्लंय.” म्हणजे दिवसभर अडकलेला पोरगा अडचण नाही म्हणून सांगत होता. अडचण सांगितली की सर्वांसमोर उलटतपासणी होते, हे त्याला ठाऊक होतं. मग मॅनेजरांना (अगदी गोडीत) फक्त सोमवारी या म्हटलं, भाषा मोकळी सोडली, आणि माणसांच्या क्रमाने बोलणं बंद केलं. आता बोर्डावर रिलीजच्या सर्वांत जवळ असलेलं तिकीट (एका कामाची नोंद) आधी घेतो: हे आज हलायला काय लागेल? ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न २०२० च्या स्क्रम गाइडमधून (स्प्रिंटवाल्या स्क्रम पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेतून) काढलेलेच आहेत. आपण मात्र ते संध्येसारखे म्हणतो.

पॉइंटांबद्दल एवढंच: ते अप्रेझलला जोडलेले असतील तर त्यांचा नाद सोडा. तीन पॉइंटचं काम आठचं होणार, आणि त्यात पोरांची काही चूक नाही.

रेट्रोमध्ये दहा मुद्दे लिहू नका. एकच निवडा, त्याचं तिकीट करा, ते पुढच्या स्प्रिंटमध्ये इतर कामांच्या रांगेत लावा आणि त्यावर एकाचं नाव टाका. आमचं अशातलं पहिलं तिकीट होतं, ‘शुक्रवारी दुपारी तीननंतर रिलीज नाही’. तुमची जागरणं मोजली तर त्यातली बरीच शुक्रवारची निघतील असा माझा अंदाज आहे.

आणि हो, तो ११ रकान्यांचा फॉर्म अजून कोडमध्येच पडून आहे, फ्लॅग (तो दाखवायचा-लपवायचा कोडमधला स्विच) बंद करून ठेवलाय. काढून टाकायचं तिकीट बॅकलॉगमध्ये (राहिलेल्या कामांच्या यादीत) आहे, माझ्याच नावावर.