दुसरा गिअर घसरतो, शिफ्ट किट (गिअर बदल घट्ट करणारे सुटे भाग) बसवू का?

प्रश्न : टेक्सासमध्ये राहतो. २००४ ची शेवरोले सिल्व्हरॅडो, ४एल६०-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना ओढ सुटते. शिफ्ट किट बसवू का?

उत्तर : आधी पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची थाळी) उतरवा. तेल काळं, करपट वासाचं आणि तळाशी क्लचचा काळा गाळ असेल, तर किटचे पैसे वाया जातील. गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तेल लालसर असेल तर १-२ अॅक्युम्युलेटर (पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाचा धक्का मऊ करणारा भाग) पाहा. त्याच्या पिस्टनला तडा गेला की दाब निसटतो आणि बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) उशिरा आवळला जातो. अॅल्युमिनियमचा पिस्टन घाला. सोबत कॉर्व्हेट सर्व्हो (कॉर्व्हेट गाडीतला, बँड आवळणारा भाग) बसवा : पिस्टन मोठा, म्हणून दुसऱ्या गिअरचा बँड घट्ट पकडतो. हा सर्व्हो गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, बाहेरूनच बसतो.

किट बसवताना सेपरेटर प्लेटची (तेलाची वाट ठरवणाऱ्या भोकांच्या पत्र्याची) भोकं मात्र बेताचीच वाढवा. हावरेपणाने मोठी केलीत तर प्रत्येक शिफ्टला दणका बसतो आणि सन शेल (आतल्या सन गिअरला जोडलेलं पत्र्याचं कवच) तुटतो. मग दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही जातात.

नवा फिल्टर, सुमारे पाच लिटर डेक्स्रॉन-६ तेल. पॅनचे बोल्ट ११ न्यूटन-मीटरच. ट्रेलर ओढत असाल तर जादा ऑइल कूलर हवाच.