नणंदेने दाखवलेला प्लॅन आणि दोन लाखांची एफडी

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते, घरून डबे देते. रोज चाळीसेक डबे जातात. मिस्टर भोसरीला कंपनीत आहेत. माझ्या नणंदेने एका डायरेक्ट सेलिंग कंपनीचा प्लॅन दाखवला. ६०,००० रुपयांचं पॅकेज घ्यायचं. त्यात प्रोटीन पावडर, ज्यूस, साबण असं सामान येतं. पुढे आयडी (सदस्य नंबर) अ‍ॅक्टिव्ह राहावा म्हणून दरमहा ४,००० ची खरेदी करायची. आपण जोडलेल्या माणसाच्या खरेदीवर ८ टक्के मिळतात, त्याच्या खालच्यांवर थोडे कमी. ‘पाच जण आण, तुझे पैसे सुटले,’ असं ताई म्हणतात. सहकारी बँकेत २ लाख १० हजारांची एफडी आहे. ती मोडू का? रविवारी मीटिंग आहे.

उत्तर : एफडी मोडू नका आणि हे पॅकेज घेऊ नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच असं म्हणतोय, तेव्हा कागद-पेन घेऊन माझ्याबरोबर हिशेब करा.

पहिल्या वर्षी पॅकेजचे ६०,००० आणि महिन्याला ४,००० प्रमाणे ४८,००० मिळून १ लाख ८ हजार जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त एफडी. आता ताईंचे पाच जण धरा. पाचही जणांनी पॅकेज घेतलं तर ३ लाखांवर ८ टक्क्यांनी तुम्हाला २४,००० मिळतात. तुमचे ६०,००० सुटायला तेरा जण लागतात. त्यानंतर हे पाच जण न चुकता ४,००० ची खरेदी करत राहिले, तर तुमच्या हातात दरमहा १,६०० येतात, आणि तुमचे स्वतःचे ४,००० जातच असतात. खालच्यांचं थोडं कमिशन मिळेल, पण त्यासाठी तुमच्या पाचांनाही माणसं मिळाली पाहिजेत. शिवाय अनेक प्लॅनमध्ये कमिशन बिलाच्या रकमेवर मिळत नाही, बीव्हीवर (बिझनेस व्हॉल्यूम, म्हणजे कंपनीने प्रत्येक वस्तूला ठरवून दिलेला आकडा) मिळतं, आणि बीव्ही किमतीपेक्षा कमी असतो. तुमच्या प्लॅनमध्ये कशावर मिळतं, ते लेखी विचारा.

याच हिशेबातला एक आकडा मला सगळ्यात जास्त खटकतो. नवीन माणूस जोडला की ४,८०० रुपये, आणि त्याच माणसाने महिनाभराचं सामान घेतलं की ३२०. साहजिकच साबण विकण्यात कुणाचंच मन राहत नाही, सगळे जॉइनिंगच्या मागे लागतात. आणि माणसं कुठवर पुरणार? प्रत्येकाने पाच जण आणायचे म्हटलं तर एकट्या दहाव्या पायरीवर ९७ लाख ६५ हजार माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार होती, त्यात पाळण्यातली बाळंही आली. साखळी कुठेही थांबली तरी त्या क्षणी पाचातले चार जण सगळ्यात खालच्या पायरीवर असतात, म्हणजे त्यांच्याखाली कुणीच नसतं. त्यांच्याच पॅकेजमधून वरच्यांचं कमिशन निघालेलं असतं. तुमच्या खाली हे चार जण कोण असतील? डबा घेणाऱ्या मुली, सोसायटीतल्या मैत्रिणी, तुमची बहीण.

कायदाही बघा. डायरेक्ट सेलिंगवर बंदी नाही, घरोघर जाऊन माल विकणाऱ्या कंपन्या कायदेशीर आहेत. पण २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली जे नियम आले, त्यांत पिरॅमिड योजनेला, म्हणजे माल विकण्यापेक्षा माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या साखळीला, मनाई आहे आणि सहभागी होण्यासाठी प्रवेश शुल्कही घेता येत नाही. ‘दुसरी गिऱ्हाइकं आणलीत की तुमच्या खरेदीचे पैसे वसूल होतील’ असं सांगून माल गळ्यात मारायलाही मनाई आहे. ताईंचं ‘पाच जण आण’ हे वाक्य नेमकं तिथेच अडकतं. त्याही आधीचा, १९७८ चा मनी सर्क्युलेशन स्कीम (नवे सदस्य जोडण्यावर पैसे मिळवून देणारी योजना) बंदी कायदा आहे. अशी योजना चालवणं गुन्हा आहेच, पण तिचं सदस्य होणं, तिच्यात भाग घेणं हाही गुन्हा आहे. उद्या काही निघालं तर मैत्रिणीला आणणारी म्हणून नाव तुमचं येईल. मीटिंगमध्ये पडद्यावर कंपनीच्या नोंदणीचा दाखला आणि जीएसटी नंबर दाखवतील. त्यावरून कंपनी नोंदलेली आहे एवढंच कळतं. प्लॅन कायद्यात बसतो की नाही, ते त्या कागदांवर नसतं.

मला चुकीचं ठरवायची एक सोपी संधी तुमच्याकडे आहे. ताईंकडून प्रोटीन पावडरचा एकच डबा मागून घ्या आणि आपल्या चाळीस गिऱ्हाइकांना छापील किमतीत विकून बघा. जॉइनिंगचा विषय अजिबात काढायचा नाही. पहिल्या डब्यानंतर पुढच्या महिन्यात कुणी आपणहून दुसरा मागितला, तर मालाला गिऱ्हाईक आहे असं मी मानेन. तुमची गिऱ्हाइकं चोखंदळ आहेत, आमटीत मीठ कमी पडलं तरी सांगतात. याचंही खरं ते सांगतील.

दुसरं, ताईंना वर्षभराचं बँक स्टेटमेंट मागा. लीडरच्या चेकचा फोटो नको, त्यांचं स्वतःचं स्टेटमेंट. कंपनीकडून किती आले आणि कंपनीला किती गेले, दोन्ही बेरजा समोर ठेवा. वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं तर कंपनीला टीडीएस कापावा लागतो, आणि तो त्यांच्या पॅनवरच्या इन्कम टॅक्सच्या नोंदीत दिसतो. ताई फसवतायत असं मला वाटत नाही. बहुधा त्यांचेच साठ हजार अडकलेत आणि ते सोडवण्याची वाट त्यांना तुमच्या घरातून दिसतेय. म्हणून बोलताना आवाज चढवू नका. ‘ताई, तुमच्याकडून महिन्याला साबण घेईन, पण आयडी लावणार नाही,’ एवढं सांगा. हे मिस्टरांनी सांगितलं तर उत्तम. बहीण त्यांची आहे, आणि नकाराचं खापर सुनेवर फुटायला नको.

पैसे गुंतवायचेच असतील तर ते तुमच्या डब्यांत गुंतवा. ही चाळीस माणसं तुम्ही कुणाला न जोडता मिळवलीत. मोठी शेगडी, डीप फ्रीझर, मदतीला एक बाई, आणि केली नसेल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. यातलं कशाने रोजचे दहा डबे वाढतील, ते आधी लिहून काढा. त्यासाठी लागेल तेवढीच रक्कम एफडीच्या मुदतीनंतर काढा. बाकीची तशीच राहू द्या. आजारपण आलं आणि डबे महिनाभर बंद राहिले, तर तोच आधार आहे.

आणि एक तातडीचं. ‘नुसता फॉर्म भरून ठेवू’ म्हणत ताईंनी तुमचं पॅन-आधार घेतलं असेल, तर आयडी लागलाय का ते आजच विचारा. लागला असेल तर कंपनीला ईमेल करून तो रद्द करायला सांगा, कूलिंग-ऑफची, म्हणजे विचार बदलून बाहेर पडण्याची, मुदत विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.