गोव्याच्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाचा कायदा होऊ शकतो का?

प्रश्न : लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, असे आम्हा गोमंतकीयांचे तीनच खासदार. त्यांपैकी मंत्री नसलेल्या एखाद्याने गोव्यासाठी विधेयक मांडले, तर ते संमत होण्याची कितपत शक्यता असते? आणि गदारोळात काही मिनिटांत आवाजी मतदानाने विधेयक संमत होते, ते नियमाला धरून असते काय? – एक वाचक, डिचोली

उत्तर : शक्यता कागदोपत्री आहे; व्यवहारात ती नाममात्रच. मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याला, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, एक महिन्याची पूर्वसूचना देऊन खासगी विधेयक मांडता येते आणि अधिवेशनात शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशा कामकाजासाठी राखलेले असतात. परंतु स्वातंत्र्यानंतर केवळ १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतील शेवटचे १९७० मधले आहे. तरीही हा खटाटोप व्यर्थ म्हणता येणार नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचे खासदार तिरुची शिवा यांचे खासगी विधेयक राज्यसभेने २०१५ मध्ये संमत केले. लोकसभेत ते अडले, पण पुढे सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला, अर्थात मूळ मसुद्यातील सर्व तरतुदी त्यात आल्या नाहीत.

म्हणून गोव्याचे प्रश्न बहुधा सरकारी विधेयकातूनच सुटतात, तेही सावकाश. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ मध्ये झाला; मात्र ४० सदस्यांच्या विधानसभेत त्यांना राखीव जागा देण्याचा मार्ग मोकळा करणारे विधेयक लोकसभेत आले ते ऑगस्ट २०२४ मध्ये आणि दोन्ही सभागृहांची संमती मिळाली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. मतदारसंघांचे आरक्षण संसदेच्या अखत्यारीत असल्याने पर्वरीला, म्हणजे गोव्याच्या विधानसभेला, हे करता आले नसते.

आवाजी मतदान नियमबाह्य नाही. विधेयक मांडले जाणे, त्यावर सर्वसाधारण चर्चा होऊन एकेका कलमाचा विचार होणे आणि अखेरीस संपूर्ण विधेयक मताला टाकले जाणे, ही वाचने, म्हणजे टप्पे, दोन्ही सभागृहांत होतात व त्यानंतर ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जाते. खरे काम कलमवार विचाराच्या वेळी व्हायला हवे, कारण दुरुस्त्या तेव्हाच सुचवता येतात. विधेयक छाननीसाठी खासदारांच्या स्थायी समितीकडे पाठवणे बंधनकारक नसल्याने तर या टप्प्याचे महत्त्व अधिकच वाढते. गोंधळात तो उरकला जातो, ही तक्रार मला रास्त वाटते. आवाजी कौल मान्य नसलेला सदस्य मतविभाजनाची मागणी करू शकतो. ते झाले नाही, तर कोणत्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिले, याची नोंदच होत नाही.