आठ देशांचा प्लॅन बाजूला ठेव, आधी फाल्सची बस पकड

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या आखेनला मास्टर्सला निघालीस, वय बावीस, शाकाहारी. घरचे म्हणतात, "शिकायला चाललीस की फिरायला?" आणि तू नाताळच्या सुट्टीत पंधरा दिवसांत आठ देश असा तक्ता टाकून "जमेल का ताई?" विचारलंयस. मी २०१२ ते २०१४ त्याच गावात होते. घर दिंडोरी तालुक्यात, कॉलेज नाशिकला आणि तिथून थेट आखेन. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जमायला जमेल, पण तुझ्या जागी मी असते तर हा प्लॅन केला नसता. डिसेंबरच्या शेवटी तिकडे साडेचारलाच अंधारून येतं. २५ आणि २६ डिसेंबर हे दोन्ही दिवस जर्मनीत सुट्टीचे, दुकानं बंद. ज्या ख्रिसमस मार्केटचे फोटो पाहून तू हे सगळं ठरवलंयस, ती बहुतेक ठिकाणी २३-२४ तारखेलाच आवरतात. म्हणजे तू बॅग घेऊन पोचशील तेव्हा तिथे लाकडी टपऱ्या उतरवायचं काम चाललेलं असेल. मार्केट पाहायची तर नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात तेव्हा शनिवार-रविवारी पाहा. आखेनचंच कॅथेड्रलच्या आजूबाजूला भरतं, आणि छान भरतं. लांबचं एखादं हवंच असेल तर स्ट्रासबूर्गला जा, तिथला बाजार १५७० पासून भरतोय. आणि यादीतलं लंडन आत्ताच खोड. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

माझं सांगणं एकच आहे. पहिले सहा महिने, रात्री झोपायला आपल्या खोलीवर परत येता येईल एवढंच फिर. हॉस्टेलचा खर्च नाही, बॅग नाही, सोमवारचं लेक्चर बुडत नाही. दुसऱ्या एखाद्या गावी चालली असतीस तर कदाचित असं म्हटलं नसतं. पण तू आखेनला चालली आहेस, आणि ते गाव जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या अगदी सांध्यावर वसलेलं आहे.

माझा पहिला परदेश प्रवास सिटी बसने झाला. आखेनहून फाल्सला बस जाते. फाल्स हे नेदरलँड्समधलं पहिलं गाव. मी खिडकीत बसून सीमा कधी येते ते बघत होते. चौकी येईल, पाटी येईल, कोणी तरी उतरवेल असं मनात होतं. एकदम लक्षात आलं की दुकानांवरच्या पाट्यांची भाषा बदललीय आणि गाड्यांच्या नंबरप्लेट पिवळ्या झाल्यात. बस आपल्या नाशिकच्या सीबीएस स्टँडहून सातपूरला जावी तशी निवांत चालली होती. फाल्समध्ये उतरून जंगलातल्या पायवाटेने चढत गेलं की टेकडीवर एक दगड लागतो, तिथे तिन्ही देश एकमेकांना भिडतात. आम्ही चौघी होतो, दोन नाशिकच्या, एक नागपूरची, एक इराणची. त्या दगडाभोवती आम्ही लहान मुलींसारख्या फेर धरून फिरलो, "आता बेल्जियम, आता जर्मनी, आता हॉलंड" म्हणत. शेजारी एक डच आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. ती मुलंही आमच्या फेरात शिरली, आणि थोड्या वेळाने आजोबाही.

ती टेकडी आहे साधारण ३२२ मीटर उंच, आणि नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरची ती सर्वात उंच जागा! आपलं नाशिक शहर समुद्रसपाटीपासून याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे, म्हणजे रामकुंडावर उभा असलेला माणूससुद्धा त्या देशाच्या माथ्यापेक्षा वर आहे. हे मी त्याच दिवशी घरी फोनवर सांगितलं, तर आजीने सगळ्या वाडीला सांगितलं.

त्याच जागी पूर्वी तीन नाही, चार प्रदेश भिडत होते. नेपोलियनच्या पाडावानंतर सीमा आखताना एका जस्ताच्या खाणीवरून प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्स यांचं जमेना, म्हणून १८१६ मध्ये खाणीभोवतीची इवलीशी पट्टी कोणाचीच नाही असं ठरलं. न्यूट्रल मोरेस्नेट हे तिचं नाव. शंभराहून जास्त वर्षं ती तशीच राहिली, १९२० मध्ये बेल्जियमला मिळाली. एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेच्या चाहत्यांनी तिथे आपला देश वसवायचं स्वप्नही पाहिलं होतं. हे वाचून जा, मग त्या दगडापाशी नुसता सेल्फी काढून परतावंसं वाटणार नाही.

आता तिकिटाचं. माझ्या वेळी विद्यापीठाच्या फीमध्येच सेमिस्टर तिकीट असायचं आणि ते आमच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात सगळीकडे चालायचं. आता बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना सवलतीत डॉइचलांडटिकिट मिळतं. हे तिकीट मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोला सुरू झालं, नंतर महागलं, पण विद्यार्थ्यांना कमी दरात असतं. त्यावर देशभरातल्या सिटी बस, ट्राम आणि साध्या गाड्या चालतात. आयसीई, आयसीसारख्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. आरई आणि आरबी या अक्षरांच्या गाड्या म्हणजे तिथल्या पॅसेंजर समज. त्याच पकड. याच तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतही जाता येतं.

आणि याच तिकिटावर तुला ऑक्टोबरमध्येच एक ठिकाण बघायला सांगणार आहे. कोलोनला गाडी बदलून ऱ्हाइनच्या उजव्या काठाने क्योनिग्सविंटरला उतर. वर द्राखेनफेल्स नावाची टेकडी आहे, पडका किल्ला आहे, दात्यांच्या रुळावरून चढणारी १८८३ सालची छोटी रेल्वे आहे. पण तू चालत चढ, कारण उतारावर द्राक्षबागा आहेत.

मी गेले तो ऑक्टोबरचा पहिला शनिवार होता. घरून निघताना आमच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, तयारी चालू होती. त्या उतारावर मात्र माल काढणं चाललं होतं. मी रस्त्यातच थांबले. आपल्याकडे मांडव किंवा वाय पद्धत, डोक्याच्या उंचीवर घड लोंबतात, माणूस खालून वर बघत काम करतो. तिथे उभ्या तारांवर बांधलेल्या ओळी, घड गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आणि उतार एवढा की काढणारा एका पायावर भार देऊन तिरका उभा राहतो. एक साठीच्या बाई माझ्या सर्वात जवळ होत्या. डाव्या हाताचा तळवा घडाखाली धरायचा, उजव्या हाताने देठ कापायचा आणि घड न आपटता बादलीत ठेवायचा. अगदी माझी आई करते तसं. कात्रीसुद्धा तीच, लहान पात्याची, मुठीला लाल रंग. मी मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "माझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे, भारतात." त्यांनी आधी कात्री खिशात ठेवली, हात पुसला आणि मग माझा हात हातात घेतला. भारतात द्राक्षं होतात हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी एक घड दिला. रिस्लिंग जातीच्या द्राक्षाचे मणी अगदी बारीक, पातळ सालीचे, आत बिया. आमच्या थॉम्पसन जातीचा लांबट मणी खाऊन वाढलेल्या जिभेला ते आधी आंबट लागले, मग मागून इतकी गोडी आली की मी परत एक तोडला. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कधी काढता? मी म्हटलं, जानेवारी ते मार्च, आणि वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. त्यांना दोन छाटण्या पटेनातच. त्यांच्याकडे हिवाळाच वेलीला झोपवतो आणि वसंत उठवतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून आपण छाटून, काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावून वेल जागी करतो. बाबा हे दर वर्षी करत आले होते, पण का करतात ते मला त्या उतारावर उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. मी तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घडांचा लोड किती ठेवतात वेलीवर?"

त्याच दिवसांत तिथे ताजी, अर्धवट आंबलेली वाइन मिळते, फेडरवाइसर. ती आंबतच असते, म्हणून बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, नाहीतर बाटली फुटेल. घेतलीस तर घरी येईपर्यंत उभी धर. सोबत कांद्याचा केक विकतात, त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

गाड्यांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. तिथे गाड्या वाटेत दोन भागांत वेगळ्या होतात. आम्ही एकदा म्युनिकहून टेगर्नझेचं तळं बघायला निघालो. होल्त्सकिर्खेनला गाडीचे भाग वेगळे होतात हे आम्हाला माहीत नव्हतं. मनमाडला अर्धी गाडी भुसावळकडे आणि अर्धी संभाजीनगरकडे जावी, तसं. आम्ही बसलो होतो बायरिशत्सेलकडे जाणाऱ्या डब्यात. कळलं तेव्हा खिडकीबाहेर वेगळंच एक तळं आलं होतं, श्लीअरझे. उतरलो. पाणी एवढं स्थिर होतं की चर्चचा मनोरा उलटा पूर्ण दिसत होता. बाकावर बसून डब्यातल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली आणि संध्याकाळी परतलो. टेगर्नझे मी अजून पाहिलेलं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. तरी तू बसण्याआधी डब्याच्या दारावरची किंवा आतल्या पडद्यावरची पाटी वाच, फलाटावरच्या फलकावर कोणता भाग कुठे जाणार तेही लिहिलेलं असतं.

कागदपत्रांकडे मात्र गांभीर्याने बघ. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा किंवा नंतरचं रेसिडेन्स कार्ड असलं की बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. पण व्हिसा संपलाय आणि कार्ड अजून हातात आलेलं नाही अशा मधल्या आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय देशाबाहेर जाऊ नकोस. आखेनमध्ये तर चुकीची सिटी बससुद्धा बाहेर नेते! सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय. दगडाभोवती फेर धरायलाही पासपोर्ट घेऊनच जा.

कार्ड आलं की पॅरिस. युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या तरुणांना तिथलं लूव्र संग्रहालय फुकट आहे, आणि कार्ड दाखवलंस की तूही त्यात येतेस. वेळ आधी ऑनलाइन ठरव आणि मंगळवार टाळ, त्या दिवशी ते बंद असतं. इतर मोठ्या सहली परीक्षांनंतर कर, मार्चच्या शेवटी. तेव्हा उजेडही जास्त असतो.

खाण्याचं: बेल्जियममध्ये फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. बटाटाच तर आहे म्हणून खाऊ नकोस, आधी विचार. लीजला गेलीस तर तिथला साखरेचे खडे घातलेला वाफल खा, गरम. प्रागमध्ये तळलेलं चीज मिळतं, पोलंडमध्ये बटाटा आणि पनीरसारख्या चीजचे पियेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्यांसारखा पदार्थ. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी पोळ्यांचं पीठ आहे ना ते बघून ठेव. सहलीला डबा ने, लाजू नकोस. आम्ही प्रत्येक सहलीला नेला आणि दर वेळी शेजारचं कोणी ना कोणी "हे काय आहे?" म्हणत बोलायला आलं.

आई-बाबांना हिशेब दाखव. महिन्याला साठ युरो फिरण्याचे, त्याहून वर नाही, आणि एखाद्या महिन्यात परीक्षा असेल तर ते पुढच्या महिन्यात. मी दोन वर्षं असंच केलं. एकही पेपर राहिला नाही आणि नऊ देश झाले, त्यातले पाच तर संध्याकाळी परत येऊन. बाबांना शंका असेल तर माझा नंबर निरोपात मागून घे, मी स्वतः बोलेन त्यांच्याशी.

बॅग भरताना एक लक्षात ठेव: भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आजीने डोळ्यांत पाणी आणून दिलं तरी तूप आणि पेढे घरीच ठेव. ताजा कढीपत्ता, लिंबंही नकोत. चिवडा चालतो. काळा मसाला दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, घट्ट बांधून, कपड्यांपासून लांब.