वेळापत्रक त्याला परत द्या

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. दौंडला थांबणाऱ्या गाड्यांचे क्रमांक आणि वेळा त्याला तोंडपाठ आहेत. बुद्ध्यंक चाचणीत मात्र त्याला फार कमी गुण मिळाले. हे वेड मोडल्याशिवाय तो सुधारणार नाही असे नणंदबाई म्हणाल्या, म्हणून मी रेल्वेचे वेळापत्रक कपाटात कुलूपबंद केले. तेव्हापासून तो नीट जेवतही नाही. माझे चुकले का?
– एक आई, दौंड

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या हेतूत माया होती, तरी वेळापत्रक काढून घेणे चुकलेच. सुदैवाने ही चूक आजच सुधारता येईल.

स्वमग्न मुलांपैकी अनेकांचे लक्ष एका विषयात इतके खोल उतरते की त्यातील तपशील, क्रम आणि विसंगती त्यांना इतरांच्या आधी दिसतात. मानसशास्त्रज्ञ अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांच्या १९८३ मधील अभ्यासात, गुंतागुंतीच्या चित्रात दडलेली आकृती शोधून काढण्यात स्वमग्न मुले त्याच मानसिक वयाच्या इतर मुलांपेक्षा सरस ठरली होती.

बुद्ध्यंकाच्या अहवालाने तुम्ही खचल्या आहात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. २००७ साली संशोधक मिशेल डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात त्याच मुलांच्या दोन बुद्ध्यंक चाचण्या घेतल्या : एक वेक्स्लरची, जिच्यात बरेचसे प्रश्न बोलून विचारले जातात आणि उत्तरेही बोलूनच द्यावी लागतात, आणि दुसरी रेव्हनची, जिच्यात आकृत्यांचा क्रम ओळखून रिकामी जागा भरायची असते. स्वमग्न मुले दुसऱ्या चाचणीत सरासरी ३० शततमकांनी (पर्सेंटाइल) वर गेली, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत सुमारे तीस जागा पुढे. इतर मुलांमध्ये असा फरक आढळला नाही. डॉसन स्वतः स्वमग्न आहेत, हे मला फार मोलाचे वाटते. तुमच्या मुलाची कोणती चाचणी झाली हे मानसशास्त्रज्ञांना अवश्य विचारा.

मात्र त्याच्यात एखादी अलौकिक प्रतिभा शोधत बसू नका. बहुतेक स्वमग्न मुलांत तशी ती नसते, आणि ती सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर कशासाठी? गाड्यांच्या वेळांवरून वजाबाकी, स्थानकांवरून भूगोल शिकवा. पुढच्या वेळी सोलापूरला जाताना प्रवासाचा बेत त्यालाच आखू द्या. गोंगाट, घाई आणि अचानक बदललेला कार्यक्रम यांचा त्याला होणारा त्रास खरा असतो, त्यासाठी मदत लागेलच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेत वाढीव वेळ मिळावा यासाठी शाळेकडे लेखी अर्ज करा.

वेळापत्रक हातात देताना ‘माझे चुकले’ असे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. तो कदाचित तुमच्याकडे पाहणारही नाही, लगेच पाने उलटू लागेल. तरीही तेथेच बसून राहा आणि पहाटेची पहिली गाडी कोणती, ते त्याला विचारा.